रागमाला : ध्यानश्लोक, खाका आणि दख्खनचा वाटा

राग आणि रागिणी यांना मनुष्यरूपात कल्पून, प्रत्येकाचे स्वतंत्र चित्र रंगवून, ती चित्रे ठरावीक क्रमाने लावलेली मालिका म्हणजे रागमाला. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे सुमारे साडेतीनशे वर्षे, गुजरात, दख्खन, राजस्थान, माळवा आणि हिमालयाच्या पायथ्याची डोंगरी संस्थाने या प्रदेशांत अशा मालिका रंगवल्या जात होत्या. भारतीय लघुचित्रांच्या, म्हणजे हातात धरून जवळून पाहण्यासाठी कागदावर काढलेल्या लहान चित्रांच्या, परंपरेत इतका दीर्घकाळ आणि इतक्या दूरदूरच्या दरबारांत टिकलेले विषय थोडेच आहेत. या चित्रांविषयी सर्वसाधारण समज असा आहे की चित्रकाराने राग ऐकला आणि त्याच्या श्रवणाने मनात उमटलेला भाव रंगांत उतरवला. हा समज मोहक असला तरी चित्रांवरचा मजकूर, त्यांची रचना आणि एका मालिकेचे दुसरीशी असलेले नाते तपासले असता तो टिकत नाही. चित्रकारापुढे बहुतेक वेळा स्वर नव्हते, श्लोक होता. आणि श्लोकाच्याही आधी, त्याच्या वडिलांनी किंवा गुरूने जपून ठेवलेला खाका होता. रागमालेचा इतिहास हा म्हणून संगीताच्या इतिहासाची सावली नव्हे. तो ग्रंथांचा, चित्रशाळांचा आणि त्यांना पोसणाऱ्या दरबारांचा इतिहास आहे, आणि त्यात दख्खनचा वाटा सामान्यतः मानला जातो त्याहून मोठा आहे.

रागाला रूप देण्याची कल्पना चित्रांच्या कितीतरी आधी शास्त्रग्रंथांत आकार घेत होती. ज्या ग्रंथात ‘राग’ ही संज्ञा प्रथम व्याख्येसह येते त्या मतंगाच्या ‘बृहद्देशी’त राग ही स्वररचना आहे, व्यक्ती नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ सिद्ध केला. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचे आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत होते आणि ग्रंथाची रचना सिंघण राजाच्या कारकिर्दीत झाली. या ग्रंथात अनेक रागांची अधिदेवता, रस, ऋतू आणि गाण्याचा प्रहर सांगितला आहे, म्हणजे पुढे चित्राला लागणारी बरीचशी सामग्री येथे एकत्र झालेली दिसते. मात्र देवता अजून रागाची स्वामी आहे, राग स्वतः देव झालेला नाही. ती पायरी १३५० मध्ये ओलांडलेली आढळते. ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ या ग्रंथात सुधाकलश या जैन पंडिताने रागांच्या मूर्तींचे वर्णन केले आहे, आणि ते हात, आयुधे, वर्ण व वाहन अशा मूर्तिशास्त्राच्या भाषेत आहे, त्यामुळे वाचताना एखाद्या देवालयातील शिल्पाचे लक्षण वाचत असल्याचा भास होतो.

या वर्णनांमागची धारणा उपासनेतून आली होती. ध्यान म्हणजे उपास्य देवतेचे रूप अवयवशः मनात उभे करणे, आणि ज्या श्लोकाच्या आधाराने ते उभे केले जाते तो ध्यानश्लोक. रागही अशाच रीतीने आवाहन केल्यावर गायकाच्या कंठात उतरतो, ही श्रद्धा संगीतशास्त्रकारांनी स्वीकारली. आंध्र देशातील सोमनाथाने १६०९ मध्ये लिहिलेल्या ‘रागविबोध’ या ग्रंथात तिचे सर्वांत स्वच्छ प्रतिपादन आढळते. प्रत्येक रागाला दोन रूपे असतात असे तो मानतो. एक नादमय, म्हणजे ऐकू येणारे, आणि दुसरे देवतामय, म्हणजे ध्यानात दिसणारे. पुढे सतराव्या शतकातील दामोदर मिश्राच्या ‘संगीतदर्पणा’तील ध्यानश्लोक फार लोकप्रिय झाले आणि त्या ग्रंथाची भाषांतरेही झाली. दरम्यान या रूपांत एक खोल बदल घडून आला होता. सुधाकलशाच्या मूर्ती अनेक हातांच्या आणि वाहनारूढ होत्या. नंतरच्या श्लोकांतले राग-रागिणी मात्र प्रायः नायक आणि नायिका झाले. प्रियकराची वाट पाहणारी, रुसलेली, पहाटे सोडून दिलेली अशी काव्यशास्त्रातील नायिकांची जी वर्गवारी आहे, जिला नायिकाभेद म्हणतात, ती रागिण्यांवर येऊन बसली, आणि देवघरातील मूर्तीची जागा सज्जातल्या स्त्रीने घेतली. चित्रकारांच्या दृष्टीने हा बदल निर्णायक होता, कारण मूर्तीचे चित्र एकदा काढले की संपते, तर विरहिणीच्या चित्रात बाग, पाऊस, दिवा, सखी, पोपट अशा कितीतरी गोष्टींना वाव मिळतो.

रूपांबरोबर नातीही आली. सहा पुरुष राग, त्या प्रत्येकाच्या पाच किंवा सहा पत्नी म्हणजे रागिणी, आणि काही परंपरांत पुत्रही, अशी कुटुंबरचना वेगवेगळ्या ग्रंथकारांनी मांडली. या मांडणीला ‘मत’ म्हणत. हनुमन्मतानुसार भैरव, मालकौंस, हिंदोल, दीपक, श्री आणि मेघ हे सहा राग मानले जातात. सहा राग आणि तीस रागिणी मिळून छत्तीस चित्रे, हा राजस्थानी चित्रकारांमध्ये सर्वाधिक रूढ झालेला आकडा होय. या कुटुंबांत पत्नीचे स्वर पतीच्या स्वरांशी जुळतातच असे नाही. मतामतांत एकच रागिणी वेगवेगळ्या घरांत नांदताना दिसते. ही विसंगती पुढे गायकवादकांना खुपली, पण चित्रमालिकेला मात्र याच कुटुंबरचनेने आकार दिला, कारण अगणित रागांपैकी कोणते घ्यायचे, किती घ्यायचे आणि कोणत्या क्रमाने लावायचे याचे तयार उत्तर तिने दिले.

उपलब्ध चित्रांतील सर्वांत जुनी गुजरातेत सापडतात. अहमदाबादच्या देवसानो पाडो येथील जैन ग्रंथभांडारातील ‘कल्पसूत्र’ आणि ‘कालकाचार्यकथा’ यांची १४७५ च्या सुमाराची पोथी तिच्या सजवलेल्या समासांसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्या समासांत राग, रागिणी, श्रुती, मूर्च्छना आणि नृत्याच्या मुद्रा यांच्या लहान लहान आकृत्या नावांसह रंगवल्या आहेत. तीर्थंकरांच्या चरित्राशी या आकृत्यांचा प्रत्यक्ष संबंध नाही. पोथी लिहवून घेणाऱ्या श्रीमंत श्रावकाची अभिरुची आणि चित्रकाराची बहुश्रुतता यांनी त्यांना समासात आणून बसवले असावे. येथे राग अजून मूर्तीच्या रूपात उभा आहे. त्याच्याभोवती घर नाही, झाड नाही, ऋतू नाही. मालिकेचे स्वतंत्र पान व्हायला त्याला आणखी शंभर वर्षे लागली, आणि ते स्थित्यंतर ज्या प्रदेशांत घडले त्यांत दख्खन अग्रभागी आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील एका विखुरलेल्या चित्रसंचाला अभ्यासक ‘उत्तर दख्खनी रागमाला’ म्हणतात. हिंदोल राग, पटहंसिका, गौरी, धनाश्री अशी त्यातील काही पाने आज वेगवेगळ्या संग्रहांत आहेत. पानाच्या वरच्या भागात देवनागरी लिपीत संस्कृत ध्यानश्लोक आणि खाली चित्र, अशी त्यांची मांडणी आहे. तांबड्या, पिवळ्या आणि सोनेरी रंगांच्या सपाट, तेजस्वी पार्श्वभूमीवर लांब डोळ्यांच्या, सडसडीत, चालताना पदराचे टोक मागे उडणाऱ्या स्त्रिया दिसतात, आणि त्यांच्या अंगावर राजस्थानी घागरा-ओढणी नसून दख्खनी साडी आहे. फुललेली झाडे आणि फुलांच्या ताटव्यांचे आलंकारिक रेखाटन इराणी चित्रशैलीची आठवण देते, तर स्त्रियांच्या देहाची ठेवण दक्षिणेकडील भित्तिचित्रांशी नाते सांगते. या दोन प्रवाहांचा इतका समतोल मेळ त्या काळातील उत्तरेकडच्या कोणत्याही रागमालेत साधलेला नाही, आणि चित्रगुणांच्या दृष्टीने ही पाने रागमालेच्या संपूर्ण परंपरेत अग्रस्थानी ठेवावी लागतात.

हा संच नेमका कोठे रंगवला गेला याविषयी मतभेद आहेत. अहमदनगर, वऱ्हाड आणि बुऱ्हाणपूर ही नावे पुढे आली आहेत. अहमदनगरच्या बाजूने सर्वांत वजनदार साक्ष पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहातील ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र फारसी पोथी पहिल्या हुसेन निजामशहाच्या स्तुतिपर असून तिचा कवी आफताबी आहे. हुसेनशहा १५६५ मध्ये, तालिकोटच्या विजयानंतर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची राणी खुंजा हुमायून अल्पवयीन मुलाच्या नावाने कारभार पाहू लागली. तिच्या सत्तेच्या त्या चार वर्षांत पोथी तयार झाली असे मानले जाते. १५६९ मध्ये तिला कैदेत टाकल्यावर पोथीतील तिच्या आकृतीही बहुतेक ठिकाणी पुसून किंवा रंगाखाली दडपून टाकण्यात आल्या. पोथीतील एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते या दोहदाच्या जुन्या काव्यसंकेताचे दर्शन घडते. फारसी स्तुतिकाव्यात संस्कृत काव्यातला हा संकेत यावा, आणि त्यातील स्त्रीची ठेवण व वेष काही दशकांनंतरच्या रागमालेतील रागिण्यांशी जुळावा, यावरून निजामशाहीच्या चित्रशाळेत देशी परंपरेत वाढलेले चित्रकार काम करीत होते असे म्हणता येते. रागमालेची पाने त्याच घराण्याच्या हातची आहेत असे यावरून सिद्ध होत नाही. पण ती ज्या मातीत उगवली ती याच परिसराची होती, हा निष्कर्ष टाळणे अवघड आहे.

दक्षिणेकडे विजापुरात संगीत ही राज्यकर्त्याचीच उपासना होती. दुसरा इब्राहिम आदिलशहा (१५८०–१६२७) याने ‘किताब-इ-नवरस’ हा दखनी भाषेतील गीतांचा संग्रह रचला, त्यातील पदे रागांच्या नावांखाली लावली आणि काही पदांत रागांची रूपे शब्दांनी रेखाटली. सरस्वती आणि गणपती यांना वंदन करणारा, आपल्या तंबुऱ्याला मोतीखान हे नाव देणारा आणि १५९९ मध्ये नवरसपूर नावाची नगरी वसवू लागलेला हा सुलतान ध्यानश्लोकांच्या परंपरेत बाहेरचा मानता येत नाही. खानदेशच्या फारुकी दरबारातही हीच चर्चा चालू होती. मूळ कर्नाटकातील पुंडरीक विठ्ठल याने तेथे बुऱ्हाणखानाच्या आश्रयाने ‘सद्रागचंद्रोदय’ लिहिला, आणि पुढे उत्तरेत कछवाह राजपुत्रांच्या पदरी गेल्यावर ‘रागमाला’ याच नावाचा ग्रंथ रचून रागांच्या मूर्त रूपांचे वर्णन केले. ग्रंथ आणि पंडित दक्षिणेतून उत्तरेकडे जात होते, हे या एका प्रवासावरूनही दिसते. चित्रेही गेली. उत्तर दख्खनी रागमालेची अनेक पाने बिकानेरच्या राजसंग्रहात सापडली, आणि त्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही: बिकानेरचे राजे मोगलांचे सरदार म्हणून दख्खनच्या मोहिमांवर वर्षानुवर्षे होते आणि परतताना त्यांनी दख्खनी कलावस्तू बरोबर नेल्या.

उत्तरेतील परंपरेला एक निश्चित तारीख लाभली आहे. काशीजवळच्या चुनार येथे १५९१ मध्ये पूर्ण झालेल्या रागमालेच्या पुष्पिकेत, म्हणजे ग्रंथाच्या अखेरीस लिहिलेल्या नोंदीत, शेख हुसेन, शेख अली आणि शेख हातीम या तिघा चित्रकारांची नावे असून, हुमायूनने इराणातून आणलेल्या मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद या उस्तादांचे आपण शिष्य आहोत असे त्यांनी नोंदवले आहे. बुंदीचा राव सुर्जन हाडा याने १५६९ मध्ये रणथंभोर अकबराच्या हवाली केल्यानंतर त्याच्या घराण्याचा काशी-चुनार भागाशी संबंध आला, आणि त्याच वाटेने ही चित्रे बुंदीला पोहोचली असावीत. कारण पुढील दोनशे वर्षे बुंदी आणि कोटा येथील चित्रकारांनी त्यांच्याच रचना पुन्हा पुन्हा वापरल्या. मोगल शैलीत वाढलेल्या तिघा मुसलमान चित्रकारांनी शंकर, कृष्ण आणि ब्रह्मदेव यांची ध्याने चित्रित केली आणि ती हाड्यांच्या राज्यात प्रमाण मानली गेली, ही गोष्ट त्या काळात कोणाला नवलाची वाटलेली दिसत नाही. मेवाडातही हेच घडले. राणा प्रतापाने डोंगराळ मुलखात वसवलेल्या चावंड या राजधानीत, मोगलांशी युद्ध चालू असतानाच, १६०५ मध्ये नासिरुद्दीन याने राणा अमरसिंहाच्या कारकिर्दीत रागमाला रंगवली. आकृत्या ठसठशीत, रंग सपाट आणि भडक, जागा अपुरी, तरीही प्रत्येक पान भावनेने काठोकाठ भरलेले. १६१५ च्या तहानंतर उदयपूरला स्वास्थ्य आले आणि साहिबदीनने १६२८ मध्ये केलेल्या रागमालेत तीच रचना अधिक मोकळी, अधिक रेखीव झाली. मारवाडातील पाली येथे वीरजी याने १६२३ मध्ये केलेली मालिका आणि माळव्याच्या परिसरात माधोदासाने १६८० मध्ये केलेली मालिका यांवर मोगल छायाप्रकाशाचा परिणाम अत्यल्प आहे.

या मालिकांत रूढ झालेली रूपे पाहिली म्हणजे ध्यानश्लोकांच्या शब्दांना चित्रकारांनी कसे ओळखीच्या खुणांमध्ये बांधले ते समजते. तोडी रानात वीणा घेऊन उभी असते आणि तिच्या वादनाने ओढली गेलेली हरिणे तिच्याभोवती जमलेली असतात. भैरवी सरोवरात उभारलेल्या देवालयात शिवलिंगाची पूजा करते. आसावरी ही डोंगरावर चंदनवृक्षाखाली बसलेली, सर्पांना आपल्याकडे बोलावणारी सावळी शबरी आहे. ककुभा हाती फुलांच्या माळा घेऊन मोरांच्या सोबतीने रानात एकटी फिरते. धनाश्री दूर गेलेल्या प्रियकराचे चित्र फलकावर काढीत बसते, म्हणजे येथे चित्रकाराने चित्रकलेलाच विरहावरचा उपाय म्हणून दाखवले आहे. ललितमध्ये झोपलेल्या नायिकेला सोडून नायक पहाटे निघतो. विभासमधला नायक त्याच वेळी फुलांचा बाण धनुष्याला लावून आरवणाऱ्या कोंबड्यावर नेम धरतो, कारण कोंबडा आरवला नाही तर पहाट लांबेल. सकाळी गायच्या दोन रागांचे हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवले असता पहाटेच्या त्या एकाच क्षणाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी समोर येतात. कानडामध्ये हातात तलवार आणि हत्तीचा दात घेतलेला वीर भाटांची स्तुती ऐकतो, नटमध्ये घोड्यावरचा योद्धा लढतो, केदारमध्ये तपस्वी रात्री वीणेसह बसतो.

देशाखचे चित्र मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटावे असे आहे. त्यात मल्ल उभ्या खांबावर चढून कसरत करतात, मुद्गल फिरवतात आणि जड गोळे उचलतात. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले त्याच्या कितीतरी आधीपासून खांबावरच्या या कसरतीचे चित्र रागमालेत स्थिर झालेले होते. शृंगाराने आणि विरहाने व्यापलेल्या मालिकेत आखाड्याचे पान का यावे, याचे उत्तर वीररसात आहे. परंतु रागिणी स्त्री असूनही चित्रात पुरुष मल्ल यावेत, यावरून कुटुंबरचना आणि ध्यान यांची सांगड प्रत्येक ठिकाणी बसलेली नव्हती हेही दिसून येते. असे सांधे न जुळलेले ठिकाण सापडले की दोन वेगळ्या परंपरा तेथे एकत्र आल्या आहेत असे समजावे.

या रूपांचे सातत्य चित्रशाळेच्या कामाच्या पद्धतीमुळे टिकले. कागदाचे अनेक थर खळीने चिकटवून वसली तयार करीत. तिच्यावर पातळ रेखाटन, मग पांढऱ्या रंगाचा हलका लेप, त्यावर पुन्हा पक्के रेखाटन आणि मग रंग असा क्रम असे. मधूनमधून चित्र पालथे घालून गुळगुळीत अकीकाने घोटले जाई, त्यामुळे रंग कागदात बसून त्याला चकाकी येई. हिंगुळापासून तांबडा, हरताळापासून पिवळा, निळीपासून निळा, काजळापासून काळा हे रंग बनत. तांब्यापासून मिळणारा जंगाल हा हिरवा रंग कालांतराने कागदच खाऊन टाकी, म्हणून अनेक जुन्या पानांत झाडांच्या जागी भोके किंवा तपकिरी डाग उरले आहेत. खारीच्या केसांचे कुंचले वापरीत. पण घराण्याची खरी ठेव म्हणजे खाके आणि चरबे. चरबा म्हणजे चित्रावर पातळ, पारदर्शक कातडे ठेवून घेतलेली नक्कल; तिच्या रेषांवर सुईने भोके पाडून वरून कोळशाची भुकटी फिरवली की खालच्या कागदावर ठिपक्यांनी आकृती उमटे. ज्याच्याकडे छत्तीस चरबे आहेत त्याला गाणे न ऐकताही, कित्येकदा श्लोक नीट न वाचताही, पूर्ण रागमाला करता येत असे. वरचा मजकूर पुष्कळदा वेगळ्या लेखकाने लिहिलेला असे आणि तो कधी चुकत असे. एकाच रचनेवर वेगवेगळ्या मालिकांत वेगवेगळी नावे आढळतात ती यामुळेच. तोडी आणि गुजरी या दोघीही वीणाधारी आहेत, आणि सोबत हरीण की मोर याकडे चित्रकाराचे किंवा लेखकाचे दुर्लक्ष झाले की एकीचे नाव दुसरीला मिळत असे.

बसोली, बिलासपूर, कुलू अशा डोंगरी संस्थानांनी वेगळी वाट धरली. रेवा येथील क्षेमकर्ण नावाच्या पंडिताने सोळाव्या शतकात सहा राग, प्रत्येकाच्या पाच रागिणी आणि आठ पुत्र अशी मोठी मांडणी केली होती, आणि पहाडी चित्रकारांनी तीच स्वीकारल्यामुळे त्यांच्या मालिका ऐंशीच्या पुढे जातात. क्षेमकर्णाने रागांच्या रूपांबरोबर त्यांचे आवाजही सांगितले, आणि ते आवाज पशुपक्ष्यांचे, पाण्याचे आणि घरातल्या कामांचे आहेत. काही पहाडी चित्रांत त्यामुळे ध्यानश्लोकातील नायिकेऐवजी घडा भरणारी किंवा घरकामात गढलेली स्त्री रागाचे रूप घेऊन येते. संपूर्ण रागमाला परंपरेत चित्र आणि ध्वनी यांचा प्रत्यक्ष संबंध जर कोठे जोडला गेला असेल तर तो येथे.

इतरत्र चित्र आणि गायन यांच्या वाटा वेगळ्या होत गेल्या, आणि तसे होणे अपरिहार्य होते. चित्र कागदावर टिकले, श्लोक पोथीत टिकला, पण राग गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाताना प्रत्येक पिढीत थोडा बदलत राहिला. तोडीचे उदाहरण बोलके आहे. कर्नाटक संगीतात आज तोडी म्हणून जे स्वर गायले जातात ते हिंदुस्थानी पद्धतीतील भैरवी थाटाशी जुळतात, आणि उत्तरेतही तोडीचे स्वर पूर्वी तसेच होते असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. हिंदुस्थानी तोडीचे स्वर बदलले. चित्रातील तोडीचे हरीण मात्र होते तेथेच राहिले. म्हणून एखाद्या जुन्या चित्रासमोर त्याच नावाचा आजचा राग लावून दोहोंतील भाव जुळवून पाहण्याची जी हौस प्रदर्शनांतून दिसते, ती ऐतिहासिक दृष्टीने फसवी आहे. गाण्याचा प्रहर, ऋतू आणि रस यांच्या पातळीवर काही साम्य आढळू शकते. स्वरांच्या पातळीवर ते शोधू नये.

अठराव्या शतकात हैदराबाद येथे रागमालांची निर्मिती विपुल झाली आणि त्या नव्या ग्राहकांच्या हातीही पडू लागल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील रिचर्ड जॉन्सन याने लखनौ आणि हैदराबाद येथे राहून अनेक रागमाला जमवल्या आणि त्याचा संग्रह १८०७ मध्ये लंडनला कंपनीच्या ग्रंथालयात गेला. त्याच पिढीतील विल्यम जोन्स याने हिंदू संगीतावरील आपल्या निबंधात सोमनाथाच्या ‘रागविबोधा’ची थोरवी युरोपीय वाचकांना सांगितली. जयपूरचा सवाई प्रतापसिंह (१७७८–१८०३) याने गुणीजनांच्या साह्याने ‘संगीतसार’ हा ग्रंथ तयार करवला, आणि त्यात जुन्या मतांचा, रागांच्या रूपांसह, मोठा संग्रह केला. हा ग्रंथ पुढे पुणे गायन समाजाने १९१० ते १९१२ या काळात छापला. राजस्थानच्या दरबारी संगीतविद्येचा हा दस्तऐवज पुण्यात मुद्रित झाला ही मराठी संगीतसंस्थांच्या कार्यातील अभिमानाने नोंदवावी अशी बाब आहे.

त्याच वर्षांत मुंबईत विष्णु नारायण भातखंडे यांनी रागरागिणी-पद्धतीचा निरोप घेतला. १९१० पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या, गुरुशिष्यसंवादाच्या रूपात मराठीत लिहिलेल्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या ग्रंथात त्यांनी जुन्या ग्रंथकारांची मते आदराने आणि सविस्तर तपासली, पण राग आणि त्याच्या रागिण्या यांत स्वरांचे कोणतेही स्थिर नाते नाही हे दाखवून त्यांनी प्रचारातील रागांची विभागणी दहा थाटांत केली. त्यांच्याआधी, १८१३ मध्ये, पाटण्याच्या महंमद रझा यांनी ‘नगमात-इ-आसफी’ या फारसी ग्रंथात याच विसंगतीवर बोट ठेवले होते. भातखंड्यांचा निर्णय संगीताच्या बाजूने योग्य होता. गायनशाळेतून रागाचे देवतामय रूप बाहेर पडल्यामुळे चित्रांचे मोल कमी झाले नाही. उलट ती स्वतंत्रपणे, चित्रे म्हणून, वाचण्याची गरज निर्माण झाली. अर्धेन्दुकुमार गांगुली यांचा रागरागिणींवरील ग्रंथ १९३५ मध्ये आला, मोतीचंद्र आणि कार्ल खंडालावाला यांनी मुंबईत बसून दख्खनी व राजस्थानी शैलींची छाननी केली, आणि क्लाउस एबेलिंग यांनी १९७३ मध्ये हजारो पानांची तुलना करून कोणते रूप कोणत्या परंपरेत कोणत्या नावाने येते याची सारणी केली.

या कामाची आजची अडचण चित्रांच्या विखुरण्यात आहे. संस्थानी संग्रह मोडले तेव्हा विक्रेत्यांनी मालिका फोडून पाने सुटी विकली, त्यामुळे एकाच मालिकेचा राग एका शहरात, त्याच्या रागिण्या दुसऱ्या देशात आणि पुष्पिकेचे पान तिसऱ्याच्या कपाटात असते. अशा पानांची पुन्हा जुळणी करताना अभ्यासक पाठीमागचे क्रमांक, श्लोकाच्या अक्षरांचे वळण, समासाचा रंग आणि वसलीची जाडी पाहतात, आणि चित्रावरच्या मजकुराचे पाठ ‘संगीतदर्पण’, क्षेमकर्ण किंवा एखादी अनामिक देशी रचना यांच्याशी ताडून पाहतात. उत्तर दख्खनी रागमालेच्या बाबतीत हे काम अर्धेच झाले आहे. तिच्या श्लोकांचा मूळ ग्रंथ, तिच्यातील साड्यांची नेसण आणि ‘तारीफ-इ-हुसेनशाही’तील आकृत्या यांचा एकत्रित, बारकाईने केलेला अभ्यास ती अहमदनगरची की बुऱ्हाणपूरची या प्रश्नाला उत्तर देऊ शकेल, आणि त्यासाठी लागणारी फारसी पोथी पुण्यातच आहे.